स्वरलिपीची छपाई : खिळ्यांपासून संगणकापर्यंत

बारडोली हे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे १९२८ चा शेतसाऱ्याचा लढा उभा राहतो आणि त्या लढ्याने वल्लभभाईंना मिळवून दिलेली ‘सरदार’ ही पदवी आठवते. त्याच परिसरात दहा वर्षांनंतर घडलेली एक घटना मात्र आपल्याकडे फारशी कोणाच्या स्मरणात नाही. बारडोलीच्या ईशान्येस, कडोद गावाजवळ, तापीच्या काठी हरिपुरा नावाचे लहानसे खेडे आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसचे एक्कावन्नावे अधिवेशन तेथे भरले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. विठ्ठलभाई पटेलांच्या नावे वसविलेले विठ्ठलनगर नंदलाल बोस यांच्या चित्रफलकांनी सजले होते. त्या नगरातील संगीताची व्यवस्था पाहण्यासाठी पंडित नारायण मोरेश्वर खरे आधीच तेथे जाऊन राहिले होते. तेथेच ते आजारी पडले आणि अधिवेशनाचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले.

खरे हे मूळचे तासगावचे. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयात ते तयार झाले. गांधीजींना आश्रमासाठी गायक हवा होता; पलुस्करांनी आपला हा शिष्य १९१८ मध्ये साबरमतीस धाडला. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत भजने गाणे, आश्रमवासीयांना ती शिकविणे आणि त्यांचा संग्रह सिद्ध करणे, हे त्यांचे पुढील कित्येक वर्षांचे काम झाले. ‘आश्रम भजनावली’ हा संग्रह त्यातून आकारास आला. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीकडे निघालेल्या तुकडीत खरे होते, आणि त्याच्या थोडेच दिवस आधी आश्रमातील देवीच्या साथीत त्यांचा मुलगा वसंत दगावला होता. हे दुःख पोटात घालून ते गात चालले.

भजनावलीचे पुस्तक पुष्कळ घरांत व ग्रंथालयांत आहे. त्याचे कोणतेही पान उघडले तर भजनाच्या माथ्यावर रागाचे व तालाचे नाव छापलेले आढळते, आणि त्याखाली शब्द असतात. ‘खमाज’, ‘धुमाळी’ अशा दोन शब्दांत चालीचा सगळा व्यवहार आटोपलेला असतो. भजनांच्या शब्दांचे भाग्य मोठे. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात मीराबेनसाठी त्यांची इंग्रजी रूपे केली आणि ती १९३४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाली. शब्द अशा रीतीने समुद्रापार गेले. चाल मात्र जो कोणी खऱ्यांसमोर बसला त्याच्याच गळ्यात राहिली.

ज्या शिष्यपरंपरेचे ब्रीदच स्वरलिपी हे होते, तिच्यातील एका श्रेष्ठ गायकाच्या सर्वांत लोकप्रिय पुस्तकात स्वरलिपी नसावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. सर्वांनी मिळून गावयाच्या भजनांना कागदाची गरज नाही, कानाने उचलावे हेच बरे, असे एक उत्तर त्यावर देता येते, आणि ते खोटे नाही. ‘रघुपति राघव’ची जी धून देशभर पसरली तिचे श्रेय सामान्यतः पलुस्करांना दिले जाते, तिला पसरण्यासाठी एकाही छापील स्वराची गरज पडली नाही. बारडोलीच्या लढ्यातही गाणी गावोगाव गेली ती अशीच, एकाने म्हणावयाची आणि शंभरांनी उचलावयाची. पण दुसरे उत्तर छापखान्यात शोधावे लागते, आणि या लेखाचा विषय तो आहे. गाण्याचे शब्द छापणे आणि गाण्याचे स्वर छापणे या दोन गोष्टींच्या खर्चात व कष्टांत जमीनअस्मानाचा फरक होता. कोणते संगीत कागदावर उतरले आणि कोणते उतरले नाही, याचा निर्णय पुष्कळदा पंडितांआधी जुळाऱ्याने केलेला आहे.

गुजरातेत या प्रयत्नांचा आरंभ बडोद्यात झाला. मौलाबक्ष (१८३३–१८९६) हे गायक-बीनकार होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी १८८६ मध्ये बडोद्यास गायनशाळा काढली आणि शाळेत संगीत शिकवावयाचे तर पाठ्यपुस्तके हवीत म्हणून स्वतःची लेखनपद्धती तयार करून पुस्तके लिहिली. वर्ग, तास, परीक्षा आणि पुस्तक या चौकटीत संगीत बसविण्याचा हा आपल्याकडील फार जुना प्रयोग होय. त्याआधी पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला होता आणि बंगालमध्ये सौरींद्रमोहन टागोरांच्या वर्तुळात स्वरलेखनाचे प्रयत्न चालू होते. म्हणजे कल्पना हवेतच होती. तिला शाळा आणि राजाश्रय एकत्र मिळाले ते बडोद्यात.

पुढे दोन पद्धती रूढ झाल्या. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये ते मुंबईत आणले आणि विद्यालयाच्या पुस्तकांसाठी स्वतःचा छापखानाही चालविला. भातखंडे (१८६०–१९३६) यांचा मार्ग वेगळा. त्यांनी ठिकठिकाणच्या गायकांकडून चिजा मिळविल्या, त्या लिहून काढल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत मराठीतून छापल्या. दोघांचे हेतू सारखे, पण चिन्हे निराळी, आणि ती नुसती निराळी असती तर बिघडले नसते. भातखंडे पद्धतीत अक्षरावरचा टिंब तारसप्तक दाखवितो. पलुस्कर पद्धतीत अक्षरावरचाच टिंब मंद्रसप्तक दाखवितो. भातखंड्यांकडे मध्यमावरची उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. पलुस्करांकडे स्वरावरची उभी रेघ म्हणजे तारसप्तक. एका विद्यालयातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्याची काय त्रेधा उडत असेल, याची कल्पना करावी. मार्च १९१६ मध्ये बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत सर्व देशासाठी एकच लेखनपद्धती असावी हा प्रश्न निघाला होता. तो सुटला नाही तो नाहीच.

आता हे सारे जुळाऱ्याच्या बाजूने पाहावे. भातखंडे पद्धतीची एक ओळ म्हणजे वस्तुतः तीन-चार ओळी असतात. मधल्या ओळीत स्वराक्षरे. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब. एका मात्रेत दोन, तीन, चार स्वर आले तर त्यांना सामावून घेणारी कमान खाली. मींड असेल तर कमान वर. कणस्वर असेल तर मूळ स्वराच्या खांद्यावर बारीक अक्षर. त्याखालच्या ओळीत गीताची अक्षरे, आणि अक्षर लांबत असेल तेथे अवग्रह. अगदी तळाशी तालाची खूण : समेला फुली, टाळ्यांना आकडे, खालीला शून्य. ही सगळी चिन्हे उभ्या रेषेत एकाखाली एक बिनचूक आली पाहिजेत. स्वर एका घराने सरकला की सम चुकते. गद्याच्या पानात एखादा खिळा उलटा लागला तर वाचक तो मनातल्या मनात सुलटा करून घेतो. येथे एक टिंब गळला की गायक एक सप्तक खाली उतरतो!

खिळ्यांच्या छपाईत या प्रत्येक चिन्हासाठी वेगळा खिळा पाडावा लागे किंवा दुसऱ्या कामासाठी पाडलेला खिळा येथे वापरावा लागे. देवनागरीच्या केसमध्ये आधीच शेकडो घरे. त्यात ही भर. कमानींची लांबी दर वेळी वेगळी, म्हणून त्या निरनिराळ्या मापांच्या ठेवाव्या लागत. रिकाम्या जागा भरण्यासाठी लहानमोठे तुकडे शोधून बसवावे लागत. मग मुद्रिते तपासणार कोण? जुळाऱ्याला गाणे येत नसे आणि गवयाला मुद्रितशोधन येत नसे. शिळाछापाची वाट सोपी होती, कारण तेथे हाताने लिहिलेले पान जसेच्या तसे दगडावर उतरते. युरोपात शिळाछापाचा शोध लावणाऱ्या सेनेफेल्डरच्या हातून अगदी प्रारंभी जे छापले गेले त्यात संगीताची पाने होती, हा योगायोग नव्हे. पण शिळाछापाला सुंदर अक्षराचा लेखक हवा, आणि चूक सापडली तर पान जवळजवळ नव्याने लिहावे लागे.

स्वरलिपीच्या या चिन्हांना एक थोरले भावंड होते, त्याची दखल येथे घेतली पाहिजे. वेदांच्या संहिता छापताना अनुदात्त स्वराखाली आडवी रेघ व स्वरितावर उभी रेघ देण्याची वहिवाट आहे. भातखंड्यांची कोमल आणि तीव्र यांची चिन्हे दिसावयास हुबेहूब तशीच. वैदिक स्वर आणि रागातील स्वर यांचा अर्थ अगदी वेगळा असला तरी छापखान्याच्या दृष्टीने काम एकच. या कामाचे एक मोठे मराठी केंद्र पुढे बारडोलीच्याच जिल्ह्यात उभे राहिले, हे येथे मुद्दाम नमूद करण्याजोगे आहे. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९४८ मध्ये औंध सोडून किल्ले पारडीस आले. पारडी आज वलसाड जिल्ह्यात आहे, पण त्या वेळी ते सुरत जिल्ह्यात होते. स्वाध्याय मंडळाच्या स्वरांकित वेदसंहिता पुढे तेथून निघत राहिल्या. सुरत जिल्ह्याच्या एका भागात स्वर गळ्यात राहून गेले, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अक्षराच्या डोक्यावरची एकेक रेघ जपून छापली जात होती.

पाश्चात्य पंचरेषी लेखनाचीही एक मराठी हकीकत आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिले. मुलकी सेवेतील इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी त्यांच्या विचारांचा पाठपुरावा करून १९१३ मध्ये आपले पुस्तक काढले. पाच रेषांवरच आपले राग लिहावेत, फक्त श्रुतींसाठी जादा खुणा घ्याव्यात, असा क्लेमेंट्स यांचा रोख होता. श्रुतींच्या पेटीवरून बडोद्याच्या परिषदेत बरेच वादळ उठले. भातखंडे त्या मताचे नव्हते, आणि व्यवहारात त्यांचीच पद्धती टिकली. पाच रेषा आपल्या रागसंगीतात शिरल्या नाहीत.

त्या शिरल्या त्या चित्रपटसंगीतात, आणि तेही गोव्याच्या वाटेने. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत मेस्तांच्या हाताखाली पंचरेषी लेखन शिकलेले वादक मुंबईस आले. अँथनी गोन्साल्विस, सॅबेस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट ही त्यांतील ठळक नावे. सी. रामचंद्रांसारख्या संगीतकाराने पेटीवर चाल बसवावयाची, आणि अरेंजरने तिच्या भोवती व्हायोलिने, ट्रंपेट, सॅक्सोफोन यांची योजना करून पूर्ण संहिता लिहावयाची. मग त्या संहितेतून प्रत्येक वादकासाठी त्याचा त्याचा भाग हाताने उतरवून काढावयाचा. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तीस-चाळीस वादकांपुढे तेवढे कागद असत. ध्वनिमुद्रण संपले की त्या कागदांना कोणी वाली नसे. लाखो लोकांच्या कानांत असलेल्या या गाण्यांचे मूळ लेखन आज बहुतांशी उपलब्ध नाही. हरिपुऱ्याला चाल कागदाविना गेली. मुंबईच्या स्टुडिओत कागद होते आणि तेही गेले.

संगीताच्या लेखनात संगणकाचा प्रवेश अमेरिकेत झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लेलंड स्मिथ यांनी १९६०-७० च्या काळात संगणकाकडून संगीताचे पान आखवून घेण्याचे काम सुरू केले. त्यातून ‘स्कोअर’ हे सॉफ्टवेअर झाले. १९८८ मध्ये ‘फिनाले’ आले. १९९३ मध्ये इंग्लंडमधील फिन आडनावाच्या जुळ्या भावांनी ‘सिबेलियस’ काढले. १९९६ पासून ‘लिलिपाँड’ आणि २००२ पासून ‘म्यूझस्कोअर’ ही दोन मोफत सॉफ्टवेअरे घडत गेली, आणि महागडी सॉफ्टवेअरे ज्यांना परवडणे शक्य नव्हते अशा शाळांना व हौशी मंडळींना दार उघडले.

या सॉफ्टवेअरचे काम नेमके काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. नोंद माऊसने किंवा संगणकाला जोडलेल्या पट्ट्यांच्या वाद्यावरून करता येते. वाद्य आणि संगणक यांच्यातील ‘मिडी’ ही भाषा १९८३ मध्ये ठरली. स्वर एकदा आत गेला की त्याच्या कालमानानुसार पानावर किती जागा द्यावयाची हे यंत्र ठरविते. पूर्वी ताम्रपटासारख्या मऊ धातूच्या पत्र्यावर ठसे मारून संगीत कोरणारे कारागीर हीच विद्या वर्षानुवर्षांच्या उमेदवारीतून शिकत. चूक दुरुस्त केली की पुढची सारी पाने आपोआप सरकतात. पट्टी बदलावयाची असेल तर एका आज्ञेत सगळी रचना काळी एकवरून पांढरी चारवर येते. आणि संपूर्ण संहितेतून प्रत्येक वादकाचा भाग वेगळा काढणे, ज्यासाठी मुंबईत माणसे रात्री जागत, ते क्षणाचे काम होऊन बसले आहे.

आपल्या संगीतासाठी मात्र यांतील निम्मी सोय निरुपयोगी आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. भातखंडे काय किंवा पलुस्कर काय, आपली स्वरलिपी षड्जसापेक्ष आहे. ‘सा’ कोठेही धरा, लिहिलेले बदलत नाही. म्हणून पट्टी बदलण्याची जी किमया पाश्चात्य लेखनात अपूर्व वाटते, तिची येथे गरजच नाही. ती या लिपीत जन्मतःच आहे. आपल्याला हवे ते निराळे : मात्रांची घरे उभ्या रेषेत बिनचूक बसावीत, स्वराखाली गीताचे अक्षर आणि त्याखाली तालाची खूण यावी, आणि हे सर्व देवनागरीत. पाच रेषांवर उभ्या असलेल्या सॉफ्टवेअरला हे सांगणे म्हणजे शिंप्याला धोतर शिवावयास सांगण्यासारखे आहे. म्हणून आपल्याकडे पुष्कळांनी साध्या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ता आखून, घराघरात स्वर भरून काम भागविले. खिळ्यांच्या चौकटीत तुकडे बसविणाऱ्या जुळाऱ्याचीच ही रीत, हात तेवढे काळे होत नाहीत.

अक्षरांचा प्रश्न त्याहून चिवट निघाला. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली, भारतीय लिपींचे काम संगणकावर सुरू झाले, आणि १९९० च्या दशकात मराठी छपाई भराभर खिळ्यांकडून संगणक व ऑफसेटकडे वळली. त्या काळातील फाँट आपापल्या खासगी संकेतांवर चालत. ज्या फाँटमध्ये मजकूर जुळविला तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसेल तर पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसत, आणि ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. युनिकोडमुळे ही आपत्ती सरली. त्या सर्वमान्य संकेतात देवनागरीच्या घरातच अनुदात्ताची आडवी रेघ व स्वरिताची उभी रेघ आहे. ती दिली गेली वेदांसाठी. पण कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम लिहिणाऱ्यांना ती आयती मिळाली. पारडीच्या छपाईत जे नाते दिसले होते ते असे पुन्हा एकदा उपयोगी पडले.

टिंबांचे मात्र असे सुरळीत झाले नाही. तारसप्तकाचा टिंब म्हणून बहुतेक जण अनुस्वार वापरतात आणि मंद्राचा टिंब म्हणून नुक्ता. कागदावर ते शोभून दिसते. संगणकाच्या लेखी मात्र तार गंधार हा ‘गं’ होतो आणि मंद्र गंधार उर्दू शब्दांत येणारा ‘ग़’ होतो. शोध घ्यावयाचा, वर्णानुक्रम लावावयाचा किंवा यंत्राकडून वाजवून घ्यावयाचे म्हटले की गोंधळ उडतो. पलुस्कर पद्धतीची अडचण आणखी मजेशीर आहे. तेथे कोमल स्वराला हलन्ताचे चिन्ह असते. कोमल गंधारापुढे मध्यम लिहावा तर संगणक इमानेइतबारे ‘ग्म’ असे जोडाक्षर करून ठेवतो! भातखंड्यांच्या चिन्हांसाठी खास फाँट पुढे निघाले आणि त्यांनी पान देखणे केले. पण दोन फाँटांत एकच कळ दोन स्वर देत असेल तर १९९० च्या दशकातील जुने दुखणे मागच्या दाराने परत येते.

आणखी एक वाद नव्याने उभा राहिला आहे, आणि देवल-क्लेमेंट्स आज असते तर त्यांना तो ओळखीचा वाटला असता. ही सॉफ्टवेअरे लिहिलेले वाजवूनही दाखवितात. सप्तकाचे बारा सारखे भाग करून ती वाजवितात, म्हणजे पेटीसारखी. दरबारीचा आंदोलित गंधार त्यांना लिहून दिला तर ती कोमल गंधाराची एक सरळ पट्टी दाबतात. स्वर उतरता-चढता करण्याची सोय असते. ती वापरून मींड काढता येते, पण त्यासाठी प्रत्येक वळण हाताने सांगावे लागते, आणि तेवढा वेळ तानपुऱ्यावर बसून गेला असता तर बरे, असे वाटू लागते. शिकाऊ विद्यार्थ्याने यंत्राचे हे वाजविणे प्रमाण मानणे हा खरा धोका. भातखंड्यांनीही स्वरलिपीला गुरूच्या जागी बसविले नव्हते. त्यांच्या पुस्तकातील चीज ज्याने राग ऐकलेला आहे त्यालाच खुणावते, आणि ही मर्यादा दगडावर होती, खिळ्यांत होती, तशीच पडद्यावरही आहे.

तरीही एक गोष्ट बदलली, आणि तिचे मोल कमी लेखू नये. स्वर छापणे व शब्द छापणे यांच्या खर्चातील फरक जवळजवळ नाहीसा झाला. कोणत्याही गावातील संगीतशिक्षकाला, भजनी मंडळाला किंवा आजीच्या ओव्या लिहून ठेवू पाहणाऱ्या नातीला आज घरच्या संगणकावर एक पान जुळविता येते आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून घेता येते. शंभर प्रती खपतील की नाही याचा हिशेब करणारा प्रकाशक मध्ये लागत नाही. खऱ्यांनी १९१८ पासून जे काम केले त्याला ही सोय असती, तर भजनाच्या माथ्यावरील दोन शब्दांखाली दोन ओळी स्वरांच्या आल्या असत्या, असे मानावयास जागा आहे. स्वरलिपीचे महत्त्व ते जाणत होते. गुरूंच्या निधनानंतर १९३१ मध्ये अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली, तीही याच शिष्यवर्गाच्या हातून.

ग्रंथालयाशी ज्यांचे नाते आहे त्यांना मात्र आणखी एक प्रश्न सुचेल, तो टिकाऊपणाचा. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘फिनाले’च्या कंपनीने त्याचा पुढील विकास थांबविल्याचे जाहीर केले. पस्तीसहून अधिक वर्षे जगभरच्या संगीतकारांनी ज्या रूपात आपल्या रचना साठविल्या होत्या, त्या रूपाला एका निवेदनाने वारस उरला नाही. या संकटाची चाहूल आधीच लागलेल्या मंडळींनी ‘म्यूझिक-एक्सएमएल’ नावाचे एक खुले सामाईक रूप तयार केले होते; २००४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. त्यात उतरवून ठेवलेली रचना एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येते. पण ते रूप पाच रेषांचा हिशेब समोर ठेवून रचलेले आहे. भातखंडे पद्धतीने तक्त्यात जुळविलेले पान त्यात जसेच्या तसे जात नाही. ते चित्र म्हणून राहते किंवा त्या त्या फाँटच्या आयुष्याशी बांधलेले राहते. उलट, ‘क्रमिक पुस्तक मालिके’ची जुनी प्रत पिवळी पडली, कडा झडल्या, तरी उघडली की वाचता येते. संगणकावर केलेल्या स्वरलिपीची एक प्रत चांगल्या कागदावर छापून ग्रंथालयात दाखल करावी, ही सूचना जुनाट वाटेल. तूर्त तिच्याइतका भरवशाचा दुसरा उपाय दिसत नाही.

भजनावलीतील ‘वैष्णव जन’चे पान आज स्वरलिपीसह नव्याने सिद्ध करावयाचे ठरले, तर काम असे होईल. धुमाळीच्या आठ मात्रांची आठ घरे आखावयाची. समेला फुली, खालीला शून्य. खमाज म्हणून दोन्ही निषाद लागणार. आरोही शुद्ध, अवरोही कोमल, त्याखाली अनुदात्ताची रेघ. गुजराती शब्दांतील ऱ्हस्वदीर्घ उच्चार लक्षात घेऊन अवग्रह द्यावयाचे. येथवर यंत्र भराभर साथ देते. मग पहिल्या ओळीची चाल भरावयाची वेळ येते, आणि कोणाची भरावयाची हा प्रश्न पडतो. पुढील काळात अनेक थोर गळ्यांनी हे भजन गायिले, तबकड्या निघाल्या, चाल जागोजाग थोडी थोडी वळली. साबरमतीच्या वाळूत प्रार्थनेला बसलेल्यांनी ते जसे ऐकले, आणि विठ्ठलनगरात हजारोंकडून जसे म्हणवून घेण्यासाठी खरे तेथे गेले होते, ते त्या आठ घरांत लिहावयाचे तर त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिकलेल्यांनी पुढे ज्यांना शिकविले त्यांच्यापर्यंत जावे लागेल. असे गळे आता थोडेच असणार, आणि ते वृद्ध आहेत.